मर्यादा चार जीबीची, खाल्ले चोवीस

प्रॅक्टिकल परीक्षा सुरू असताना डेटाबेस पडला. सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचा लॅब सर्व्हर: 32 जीबी रॅम, 12 कोअर, उबुंटू 20.04, त्यावर 25 मुलं एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, लॉगिन. सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीने तो डेटाबेस, मारियाडीबी, लगेच परत उठवला, पण सगळ्यांची कनेक्शन तुटली होती. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत, ‘आउट ऑफ मेमरी’, खाली मारलेली प्रोसेस: मारियाडीबी.

विभागातल्या सरांचा निकाल तयारच होता, "कोण पोरगं आहे बघा, अकाउंट बंद करा." पोराने केलं काय होतं? पायथॉनचा मल्टिप्रोसेसिंग पूल (काम अनेक प्रोसेसमध्ये वाटणारा), संख्या न देता. संख्या दिली नाही की पायथॉन कोअर मोजतो आणि तितक्या प्रोसेस उभ्या करतो. 12 प्रोसेस, प्रत्येकी साधारण 2 जीबी, म्हणजे 24.

‘लिमिट्स डॉट कॉन्फ’ या मर्यादांच्या फाइलमध्ये स्टुडंट्स ग्रुपला हार्ड ‘एएस’ (अ‍ॅड्रेस स्पेस, प्रोसेसला मागता येणारी मेमरी) 4194304 केबी, म्हणजे 4 जीबी, आधीपासून लिहिलेलं होतं. ही मर्यादा दर प्रोसेसला लागते, दर माणसाला नाही. बारापैकी एकाही प्रोसेसने ती ओलांडली नव्हती. त्याच फाइलमधली ‘आरएसएस’ची (प्रत्यक्ष वापरलेल्या रॅमची) ओळ तर निव्वळ शोभेची, आजचं लिनक्स ती पाहतही नाही. माणशी मोजली जाते ती ‘एनप्रोक’ (प्रोसेसची संख्या), आणि त्यात थ्रेडही धरले जातात. रॅम संपल्यावर कर्नलने मात्र मारायला सगळ्यात जाडी एकटी प्रोसेस निवडली. मारियाडीबीचा बफर पूल (डेटा रॅममध्ये ठेवायची जागा) 6 जीबीचा, म्हणून बळी डेटाबेसचा गेला.

मग सीग्रुप, म्हणजे प्रोसेसच्या अख्ख्या गटाला मर्यादा घालायची लिनक्सची सोय. ‘ईटीसी, सिस्टमडी, सिस्टम’ या फोल्डरखाली ‘यूजर-.स्लाइस.डी’ नावाची डिरेक्टरी केली. नावातला डॅश विसरायचा नाही, त्यानेच ती प्रत्येक युजरच्या स्लाइसला (त्याच्या सगळ्या प्रोसेसच्या गटाला) लागते. आतल्या फाइलमध्ये मेमरीमॅक्स 4जी (इथे प्रोसेस मारली जाते), मेमरीहाय 3जी (इथून वेग दाबला जातो), मेमरीस्वॅपमॅक्स 0 (स्वॅप, म्हणजे डिस्कवरची जादा मेमरी, नाही), टास्क्समॅक्स 200 (प्रोसेस आणि थ्रेड मिळून). पण 25 गुणिले 4 म्हणजे 100 जीबी, म्हणून सगळ्या युजरांच्या वरच्या यूजर स्लाइसलाही 22जीचं झाकण घातलं. मारियाडीबीला ओओएमस्कोरअ‍ॅडजस्ट उणे 900, म्हणजे बळी निवडताना तो शेवटी यावा. डीमन-रीलोड करून सिस्टमडीला नव्या फाइल वाचायला लावल्या, सगळ्यांना परत लॉगिन करायला लावलं.

तरी मेमरीहाय आणि स्वॅपमॅक्स लागेनात, एररही नाही. 20.04 मूळचं सीग्रुप व्ही1 वर चालतं आणि ही दोन्ही व्ही2 ची. ग्रबमध्ये (मशीन बूट करणाऱ्या प्रोग्राममध्ये) ‘सिस्टमडी डॉट युनिफाइड सीग्रुप हायरार्की’ 1 केलं, रीबूट. एवढी गोष्ट लॉगमध्ये ठळक सांगायला काय जातं, देव जाणे.

तपासताना आणखी एक फसगत झाली. मी ‘एसयू’ (युजर बदलायची कमांड) करून विद्यार्थी झालो आणि मर्यादा दिसेना. ‘प्रॉक, सेल्फ, सीग्रुप’ उघडून पाहिलं तर प्रोसेस अजून माझ्याच स्लाइसमध्ये. एसयूने नवं सेशन उघडत नाही, थेट एसएसएचनेच यावं लागतं. तसं आल्यावर 4 जीबीला फक्त त्या मुलाची प्रोसेस मेली, लॉगमध्ये ‘मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी’.

अकाउंट बंद केलं नाही. तो मुलगा विचारत होता, "सर, पूलमध्ये किती लिहू?" दोन सांगितलं.

राहिला प्रश्न 3जीच्या ओळीचा. स्वॅप नसताना तिथे प्रोग्राम मरत नाही, रांगतो, आणि मुलं येतात, "सर, हँग झालंय." ती ओळ मी दोनदा काढली, दोनदा परत घातली.