चपलेचा पट्टा रुतायला लागला तेव्हा

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझं बीपी १६०/१०० निघालं. ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी ५ मिलिग्रॅमने सुरू झाली, दीड महिन्यात तिची १० झाली. आकडा १३२/८४ वर आला, मी खूश.

मे महिन्यात मात्र संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायला लागला. मुलुंड ते सीएसएमटी उभ्याने प्रवास, त्यात उकाडा. मी खापर लोकलवर फोडलं. पण घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. किडनी गेली, असंच धरून चालले मी. शेजारच्या काकूंनी त्यांची लघवीची गोळी देऊ केली. घेतली नाही, तो शहाणपणा ह्यांचा, माझा नाही.

लघवी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी), ईसीजी, सगळं नॉर्मल. मग डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्रच काढलं. सूज ॲम्लोडिपिनमुळेच होती. ती रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत कॅल्शियम शिरू देत नाही, म्हणून त्या सैलावतात आणि दाब उतरतो. पण सैलावतात त्या मुख्यतः रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या. परत नेणाऱ्या शिरा तेवढ्या नाहीत. नळ मोठा केला, मोरी तेवढीच! मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो, पाणी बाहेर झिरपतं आणि दिवसभर खाली असलेल्या पायांत साचतं. "अंगात पाणी जास्त झालेलं नाही, ते भलत्या जागी गेलंय," डॉक्टर म्हणाले. म्हणून लघवीच्या गोळीचा इथे फारसा उपयोग नसतो. डोस वाढला की सूज वाढते, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर किडनीच्या धास्तीत काढलेल्या रात्री वाचल्या असत्या.

ॲम्लोडिपिन परत ५ झाली, जोडीला टेल्मिसार्टन ४०, बीपीचीच दुसरी गोळी. ती रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिनला अडवते, त्यामुळे शिराही सैलावतात. सूज लगेच ओसरली नाही. ॲम्लोडिपिन रक्तात निम्मी व्हायलाच ३० ते ५० तास लागतात. दहा-बारा दिवसांनी पट्टा मोकळा झाला. दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासलं. ह्यांनी कौतुकाने आणलेलं लो-सोडियम मीठ मात्र बाद: त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टनमुळे ते अंगात साठू शकतं.

जुलैत नवीनच प्रकार. आठवड्याच्या गोळ्या मी प्लास्टिकच्या डबीत भरून ठेवायचे. गुरुवारी बघते तर टेल्मिसार्टन ओलसर, फुगलेली. मेडिकलवाला हसला. "काकू, ही हवेतलं पाणी ओढते. स्ट्रिपमधून काढली की थेट तोंडात."

आता डबीच्या सात खणांत ॲम्लोडिपिन एकटीच असते.