सोलेदादच्या मोटेलात एक शनिवार

कॅलिफोर्नियात आलेलं आपलं माणूस मंटेरेला जातंच. मत्स्यालय, समुद्रकाठचा तो सतरा मैलांचा रस्ता, पार्किंगसाठी घिरट्या. तिथून अर्ध्या तासावर सॅलिनास आहे, पण तिकडे फारसं कोणी वळत नाही. सप्टेंबरच्या लाँग वीकेंडला मी हट्टाने गाडी आधी तिकडे वळवायला लावली, कारण जॉन स्टाइनबेकचं ‘ऑफ माइस अँड मेन’ नुकतंच पुन्हा वाचून संपवलं होतं आणि ते डोक्यातून जात नव्हतं.

सॅलिनासचं स्टाइनबेक सेंटर दीड तासात पाहून होतं. लेखकाची ‘रोसिनांते’ नावाची कँपर गाडी तिथे ठेवली आहे, सगळे तिच्यासमोर फोटो काढतात. मला महत्त्वाची वाटली ती दुसरीच गोष्ट. 1902 मध्ये याच गावात जन्मलेला हा मुलगा तरुणपणी स्प्रेकल्स साखर कंपनीच्या शेतांवर राबला होता. ही साखर बिटाची. खांद्यावर वळकटी टाकून या शेतावरून त्या शेतावर फिरणारे मजूर त्याने तिथे जवळून पाहिले आणि 1937 मध्ये त्यांच्यावर हे छोटंसं पुस्तक लिहिलं. नोबेल मिळालं ते 1962 मध्ये.

सोलेदाद तिथून दक्षिणेला, हायवे 101 वर. गोष्ट सुरू होते ती या गावाच्या खाली काही मैलांवर, सॅलिनास नदीच्या एका हिरव्या डोहाशी. आम्ही पुलावरून पाहिलं तेव्हा वाळूच जास्त दिसली. गॅबिलानचे डोंगर मात्र पुस्तकातल्यासारखेच पिवळेधमक उभे होते. मधल्या सपाटीवर नजर पोचेल तिथपर्यंत लेट्यूसच्या ओळी. दुपारनंतर खोऱ्यात असा वारा सुटतो की गाडीचं दार उघडताना धरून ठेवावं लागतं. त्या वाऱ्यात माणसं वाकून लेट्यूस कापत होती.

पुस्तक न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. जॉर्ज आणि लेनी हे दोन मजूर एका रँचवर महिना पन्नास डॉलरवर कामाला लागतात. झोपायला मजुरांची एक लांब खोली. प्रत्येक खाटेच्या वर सफरचंदाचं खोकं भिंतीला ठोकलेलं, सगळा संसार त्यात मावायचा. त्या खोलीत कोणाचंच कोणी नाही. जॉर्ज आपल्या जोडीदाराच्या वतीने बोलतो, तर मालकाला लगेच संशय येतो. यात तुझा काय फायदा, तू त्याचा पगार खातोस का, असं तो विचारतो. एक मजूर दुसऱ्याची काळजी घेईल हे मालकाच्या हिशेबातच बसत नाही. मला पुस्तकातलं सगळ्यात जिव्हारी लागणारं वाक्य हेच वाटतं, शेवटी जॉर्ज लेनीवर झाडतो ती गोळीसुद्धा नंतर.

आमचं मोटेल हायवेला लागून होतं. स्वस्त, स्वच्छ, पण रात्रभर ट्रकांचा आवाज. संध्याकाळी शाळेच्या जुन्या बससारख्या दोन बस आवारात शिरल्या आणि चिखलाने माखलेले पन्नासेक पुरुष उतरले. तेव्हा कळलं की मोटेलचा अर्ध्याहून जास्त भाग एका कंत्राटदाराने हंगामभर घेतलेला आहे. चौघाचौघांना एक खोली. उतरल्या उतरल्या नळावर रांग लागली, बूट धुतले गेले, मग ते खोल्यांच्या दारांबाहेर ओळीने पालथे घालून ठेवले गेले.

माझा नवरा म्हणाला, आत चल, त्यांना अवघडल्यासारखं होईल. मी बाहेरच बसले. जेवण झाल्यावर एकेक जण फोन घेऊन गॅलरीत आला. कठड्याला टेकून, जिन्याच्या पायरीवर, आमच्या गाडीमागे, प्रत्येकाने आपापला कोपरा धरला. स्क्रीनवर बायका, लेकरं, एका फोनवर तर नुसतं बांधलेलं वासरू दिसत होतं आणि पलीकडून कोणीतरी त्याच्याबद्दल सांगत होतं. एवढी माणसं एकत्र, पण एकमेकांशी जवळपास कोणीच बोलत नव्हतं.

मला क्रूक्स आठवला. पुस्तकातला हा काळा मजूर. गोऱ्यांच्या खोलीत त्याला मज्जाव, म्हणून घोड्यांच्या सामानाच्या खोलीत एकटाच पुस्तकं वाचत राहतो. शनिवारी रात्री बाकीचे गावात गेल्यावर लेनी त्याच्या दारात येतो, तेव्हा आधी तो त्याला छळतो आणि मग सगळं बोलून टाकतो. रात्री एकट्याला काही दिसलं, तर ते खरंच होतं का, हे विचारायलाही शेजारी कोणी नसतं, असं त्याचं म्हणणं. एकटेपणाबद्दल याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

पन्नाशीचे एक गृहस्थ फोन ठेवून आमच्या बाजूला आले. हातात काकडीचे काप, वर लिंबू आणि तिखट. डबा आधी माझ्यापुढे धरला. मी मोडक्या स्पॅनिशमध्ये, ते मोडक्या इंग्रजीत, असं आमचं बोलणं झालं. गाव मेक्सिकोतल्या मिचोआकानमधलं. एप्रिलमध्ये येतात, नोव्हेंबरमध्ये परत. धाकटीच्या शाळेतल्या नाचाचा व्हिडिओ त्यांनी मला पूर्ण दाखवला, मग नवऱ्याला बोलावून पुन्हा दाखवला. घरच्यांना इकडे का आणत नाही, असं मी विचारलं. त्यांनी मागच्या खोलीकडे बोट केलं. “चार खाटा. तिला कुठे ठेवू?”

त्यांचा व्हिसा एच-टू-ए, म्हणजे हंगामी शेतमजुरांचा. माझा नवरा एच-वन-बीवर आला, मी एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, त्याच्यामागून आले. त्या गृहस्थांच्या आणि माझ्या नवऱ्याच्या, दोन्ही व्हिसांचं मूळ 1952 च्या एकाच कायद्यात आहे. कागदावर त्यांच्या पत्नीलाही एच-फोर मिळू शकतो. पण घर द्यायचं बंधन मालकावर आहे ते फक्त मजुरापुरतं आणि व्हिसा बांधलेला त्याच मालकाशी, त्याच हंगामाशी. आपल्याकडे ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, बीडहून टोळी निघते ती पोराबाळांसकट. हाल तिथेही जीवघेणे आहेत, त्यांची तुलना मला करायची नाही. इथे मात्र माणूस एकटाच यावा अशी सगळी मांडणी आहे. म्हणून क्रूक्सचा किंवा त्या गृहस्थांचा एकटेपणा कोणी स्वभावावर किंवा नशिबावर ढकलला की मला राग येतो. 1935 च्या कामगार संघटनांच्या कायद्यातून अमेरिकेने शेतमजूर मुद्दाम वगळले. कॅलिफोर्नियाने त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला तो थेट 1975 मध्ये, शेतमजुरांचे नेते सेझार चावेझ आणि हजारो मजुरांनी याच खोऱ्यात संप करून मार खाल्ल्यानंतर.

रविवारी परतताना चुआलारला थांबलो. सोलेदाद आणि सॅलिनासच्या मधलं हे छोटं गाव. 17 सप्टेंबर 1963 ला इथल्या रेल्वे फाटकावर मालगाडीने मजुरांच्या गाडीला उडवलं. गाडी म्हणजे मालाच्या ट्रकवर बाकडी टाकून केलेली बस. सेलरीच्या शेतातून परतणारे 32 मेक्सिकन मजूर त्यात गेले. हे ब्रासेरो, म्हणजे 1942 पासून सरकारी कराराने आणलेले पुरुष. बायकामुलं सगळ्यांची सीमेपलीकडे. पुढच्या वर्षाअखेर ती योजना बंद झाली. हायवेच्या या भागाला आता ब्रासेरोंच्या स्मृतीचं नाव आहे, पण पासष्टच्या वेगात पाटी वाचून होत नाही. मुद्दाम एक्झिट घेऊन उतरा. गावात पाहण्यासारखं काही नाही, तरी उतरा.

मंटेरे त्याच दुपारी केलं. जेलीफिश सुंदर होते.

मैत्रिणीच्या मुलाला हे पुस्तक यंदा शाळेत आहे. जॉर्जने शेवटी केलं ते बरोबर की चूक, यावर त्याला निबंध लिहायचाय. मी त्याला म्हटलं, आधी मालकाचा तो प्रश्न नीट वाच आणि त्याला असा प्रश्न पडावाच का, ते लिही. एप्रिलमध्ये लेट्यूसचा हंगाम लागला की त्याला घेऊन पुन्हा सोलेदादला जायचं ठरलंय. त्याचं स्पॅनिश माझ्यापेक्षा पुष्कळ बरं आहे.