लाइटस्पीड ओकोई: पुढे डिस्क, मागे व्ही-ब्रेक

जुनी टायटॅनियमची लाइटस्पीड ओकोई ही माउंटन बाइक मी नव्याने उभी करतोय, आणि तिची फ्रेम तपासणीत पास झाली. मागच्या नोंदीत गाडं तिथेच अडलं होतं, म्हणून आधी तेच सांगून टाकतो. सगळे जोड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, गराजचे दिवे घालवले आणि टॉर्च आडवा धरून एकेक वेल्ड नखाने चाचपत गेलो. टायटॅनियमच्या फ्रेमला तडा जायचाच तर बहुतेक वेळा ठरलेल्या जागी जातो: सीट ट्यूबच्या खाचेखाली, हेड ट्यूब (हँडलखालची पुढची नळी) आणि डाउन ट्यूबच्या सांध्यात, नाहीतर चेनकडच्या चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणारी आडवी नळी) बॉटम ब्रॅकेटपाशी (पेडलचा आस फिरतो ती जागा). तिन्ही जागा स्वच्छ निघाल्या. वेल्डच्या लाटा एकसारख्या, रंग चांदीचा, निळी-जांभळी झाक कुठेच नाही. ती झाक दिसली तर वेल्ड करताना आर्गॉनचं आवरण कमी पडलं आणि तापलेल्या धातूने हवेतला ऑक्सिजन ओढून घेतला, असा संशय घ्यायचा. असा सांधा ठिसूळ होतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. फ्रेम १९९६च्या सुमाराची आहे. टेनेसीमध्ये चॅटनूगाजवळ लिन्स्की कुटुंबाच्या मशीन शॉपमधून लाइटस्पीड हा ब्रँड निघाला. त्यांनी बऱ्याच मॉडेलना आसपासच्या नद्यांची नावं दिली. ओकोई त्यातलीच, १९९६च्या ऑलिम्पिकमधलं कनू स्लॅलम झालं ती नदी. मी अटलांटात राहतो, म्हणजे ही सायकल तशी शेजारच्याच गावची. नळ्या ३/२.५ मिश्रधातूच्या: ३ टक्के अ‍ॅल्युमिनियम, २.५ टक्के व्हॅनेडियम, बाकी टायटॅनियम. विमानांच्या हायड्रॉलिक लाइनना वापरतात तीच जात. गंजायचा प्रश्न नाही, रंग नसल्यामुळे तो उडायचाही नाही. ओरखड्यांवर स्कॉचब्राइट नळीच्या लांबीच्या दिशेने फिरवलं आणि विषय संपला.

खरी डोकेदुखी फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची. सोबत आलेला रॉक शॉक्स ज्यूडी हा सस्पेन्शन (दणके झेलणारा) फोर्क उघडला तर आतले इलास्टोमर बोटाने दाबताच चुरा होऊन हातात आले. तीस वर्षांनी त्या रबराचं हेच होणार. नवा सस्पेन्शन फोर्क घ्यावा म्हटलं तर आजकाल बहुतेकांचा स्टीअरर (हेड ट्यूबमधून वर जाणारी फोर्कची नळी) टेपर्ड, म्हणजे खाली दीड इंच, आणि ही हेड ट्यूब सरळ, १-१/८ इंची स्टीअररची, ३४ मिमी कपवाली. जुन्या मापाचा १०० मिमी ट्रॅव्हलचा (एवढा दबणारा) फोर्क शोधून मिळतो, पण तो फ्रेमच्या हिशेबापेक्षा उंच. साधारण २० मिमी उंची वाढली की हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी कोन) एक अंशाने पडतो, बॉटम ब्रॅकेट वर चढतं आणि चढावर पुढचं चाक भरकटायला लागतं. म्हणून क्रोमोली स्टीलचा रिजिड (न दबणारा) फोर्क घेतला, अ‍ॅक्सलपासून क्राउनपर्यंत (वरच्या जोडापर्यंत) ४३ सेंमीच्या आसपास, डिस्क कॅलिपरची जागा असलेला. हात थोडे शेकतात, पण सायकल जिथे वळवाल तिथे वळते.

त्यातूनच ब्रेकचाही निकाल लागला. मागे डिस्क माउंट नाही. वेल्ड करून देणारे कारागीर आहेत आणि दोन मित्रांनी तसा आग्रहही धरला. मला ते पटत नाही. डिस्क ब्रेकचा सगळा झटका डाव्या सीटस्टेच्या (सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणारी नळी) एका बिंदूवर येतो, आणि ती बारीक नळी त्यासाठी काढलेलीच नव्हती. शिवाय थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. तेव्हा पुढे केबलवर चालणारा एव्हिड बीबी७ हा डिस्क ब्रेक, मागे रिम दाबणारा साधा व्ही-ब्रेक. बीबी७चं माउंटन मॉडेल आणि व्ही-ब्रेक दोघंही सारखीच केबल ओढतात, त्यामुळे दोन्ही हातांना एकच लिव्हरची जोडी चालते. जुन्या कँटिलिव्हर ब्रेकच्या लिव्हर मात्र इथे लावू नका. त्या केबल कमी ओढतात, लिव्हर हँडलला टेकते तरी ब्रेक नीट लागत नाही.

आता ड्राइव्हट्रेन, म्हणजे क्रँक, चेन आणि गिअर, ज्यात मला सगळ्यात जास्त मजा आली. मागचा हब १३५ मिमीचा, क्विक रिलीजवाला. शिमानोच्या १२ स्पीडच्या १०-५१ दातांच्या कॅसेटला (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) मायक्रो स्प्लाइन जातीचा फ्रीहब (कॅसेट बसते तो हबचा भाग) लागतो, म्हणजे हबच बदला. त्यापेक्षा शिमानोचंच ११ स्पीड डिओर एम५१०० घेतलं. त्याची ११-५१ कॅसेट जुन्या एचजी फ्रीहबवर मुकाट बसते. भारतात ज्यांच्याकडे २६ इंची, १३५ मिमी हबची जुनी एमटीबी पडून आहे, त्यांनी फ्रीहब ८ किंवा ९ स्पीडचा आहे एवढं बघून हाच रस्ता धरावा. फ्रीव्हील (हबवर आट्यांनी बसणारा जुना प्रकार) असेल तर मात्र चाक बदलावं लागेल.

क्रँक (पेडलचे दांडे आणि पुढच्या चकत्या) मुद्दाम नवा घेतला नाही. आजच्या वन-बाय (पुढे एकच चकती असलेल्या) क्रँकची चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चकतीचं अंतर) ५२ मिमी किंवा त्याहून बाहेर असते. १३५च्या हबवर कॅसेटच्या मोठ्या चकत्यांकडे गेलं की चेन फार तिरपी धावते, आणि पेडल उलटं फिरवलं की खाली उतरते. जुना एक्सटी एम७७० हा तीन चकत्यांचा क्रँक मिळाला, चेनलाइन ५० मिमी. बाहेरची आणि आतली चकती काढली, मधल्या जागी ३२ दातांची नॅरो-वाइड (आळीपाळीने जाड-बारीक दातांची, चेन धरून ठेवणारी) बसवली, बोल्ट आखूड घेतले. बॉटम ब्रॅकेटचं शेल (फ्रेममधली त्याची नळी) ७३ मिमीचं असल्यामुळे २.५ मिमीचा एकच स्पेसर चेनच्या बाजूला लागतो. आट्यांना तांब्याची पूड असलेलं अँटी-सीझ भरपूर लावा, इथे कंजुसी नको. टायटॅनियमचे आटे कोरडे आवळले तर ते एकमेकांना धरून बसतात आणि पाना तुटेपर्यंत सोडत नाहीत. सीटपोस्टलाही तेच लावा, कारण टायटॅनियममध्ये घामट पाणी शिरलं की अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट आतल्या आत कुजतो.

डिरेलरचा (गिअर बदलणारी मागची यंत्रणा) हँगर मागचं चाक बसतं त्या ड्रॉपआउटमध्येच आहे, वेगळा निघत नाही. गेजने मोजला तर जरासा आत झुकलेला. टायटॅनियम लवचीक, थोडं वाकवलं तर पुन्हा मागे येतं, म्हणून हवा त्याच्या थोडं पुढे नेऊन सोडावं लागतं, तेही घाई न करता. तो एकदा रिमशी समांतर झाल्यावर इंडेक्सिंग (गिअरचे टप्पे जुळवणं) बॅरल अ‍ॅडजस्टरच्या दोन-चार टिकटिकीत बसलं. बी-स्क्रू (डिरेलर आणि कॅसेटमधलं अंतर ठरवणारा) मात्र बराच आत घ्यावा लागला.

गिअरचा हिशेब बघा. ३२/५१ला (पुढे ३२ दात, मागे ५१) पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण १.३ मीटर जाते. जुन्या २२/३०ला ती १.५ मीटर जायची. म्हणजे एकच चकती असून चढाचा गिअर पूर्वीपेक्षा हलका. वरच्या टोकाला मात्र ४२/११चे जवळपास आठ मीटर जाऊन सहा उरले. डांबरी उतारावर पाय नुसते फिरतात. फिरू देत, डांबरासाठी दुसरी सायकल आहे.

हँडल ७२० मिमी, स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा) ८० मिमी. आजच्यासारखं ४० मिमीचं स्टेम इथे लावू नये. या फ्रेमची टॉप ट्यूब लांब स्टेम धरूनच काढलेली आहे, गुडघे हँडलला लागायला लागतात. टायर २.२ घातलेत, चेनस्टेपाशी बोटभरही जागा उरत नाही, चिखलात त्रास होणार हे दिसतंच आहे.

पहिली खरी फेरी ओकोईकाठच्या टनासी ट्रेलवर झाली. चढात सायकल अक्षरशः पळते, डिरेलरमधल्या क्लचमुळे (चेन ताणून धरतो) चेनचा आवाज नाही. थंडर रॉक एक्सप्रेसच्या उतारावर मात्र सीट छातीत येत होती आणि ७१ अंशांचा हेड अँगल म्हणजे काय ते कळत होतं. पुढची डिस्क एका बोटावर थांबवते. मागचा ब्रेक ओल्यात आधी रिम पुसतो, मग धरतो, पण मला तो तेवढाच हवा होता.

राहिलेल्या कामांत ड्रॉपर पोस्ट (चालवताना सीट खाली-वर करणारा) पहिला. २७.२ मिमीत बाहेरून केबल येणारे मिळतात, टॉप ट्यूबचे रिकामे केबल स्टॉप त्याच्या कामी येतील. दुसरं म्हणजे रिम. ब्रेक घासणारी बाजू असलेल्या चांगल्या २६ इंची रिम कमी होत चालल्यात, म्हणून सन रिंगलेची ऱ्हायनो लाइट, ३२ भोकांची, एक जादा घेऊन ठेवली आहे. ड्रॉपर येईपर्यंत पोस्टवर टेपच्या खुणा करून मोजतोय, उतारावर सीट नक्की किती खाली हवी ते. आत्तापर्यंतचा अंदाज ८० मिमी. कुणी याच मापाच्या पोस्टवर जास्त ट्रॅव्हल बसवला असेल तर सांगा.