प्रमाणपत्र अडलं ते दाढीपाशी

तो फॉर्म ज्याने बनवला त्याच्या डोळ्यासमोर चार वर्षांचं मूल होतं, हे पहिल्या पानावरच कळतं. 'पाल्याचे वय', 'आवडती खेळणी', 'नाते : आई / वडील'. माझा धाकटा भाऊ तिशी ओलांडलेला, रोज दाढी वाढणारा माणूस आहे आणि मी त्याची बहीण. आईबाबा थकले तसं त्याचं बरंचसं माझ्याकडे आलं, म्हणून मी ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न, व्यक्तींच्या काळजीवाहकांसाठीच्या या प्रशिक्षणाला नाव घातलं. जाहिरातीत 'सर्व वयोगटांसाठी' असं ठळक छापलं होतं. ते ठळक अक्षर मला पुढे फार महागात पडलं.

वर्गांबद्दल तक्रार नाही. गटात पालक होते, विशेष शिक्षक होते, निवासी केंद्रात काम करणाऱ्या एक मावशीही होत्या. वर्तन घडायच्या आधी काय झालं, नेमकं काय घडलं आणि नंतर काय झालं, असे तीन रकाने भरायला शिकवलं. 'चिडला', 'हट्ट केला' असं लिहायचं नाही, डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहायचं. आठवडाभर रकाने भरल्यावर मावशींनी स्वतःच सांगितलं की त्यांच्याकडचा मुलगा ओरडतो ते मिक्सर सुरू झाला की, त्यांना बघून नव्हे. सूचना दिल्यावर मनात दहा आकडे मोजायचे आणि मधे तोंड उघडायचं नाही, ही दुसरी गोष्ट. ऐकायला सोपी वाटते, करून बघा.

अडलं ते प्रात्यक्षिकाला. घरातली एक कृती निवडायची, ती शिकवतानाचा व्हिडिओ पाठवायचा, सोबत निरीक्षणाचा तक्ता भरायचा. मी दाढी निवडली. आजवर बाबा करून द्यायचे, पण आता त्यांचा हात थरथरतो. शिवाय भावाला फेस सहन होत नाही, हलका स्पर्शही नाही. घट्ट दाब मात्र चालतो. म्हणून इलेक्ट्रिक शेव्हर घेतला आणि पहिले काही दिवस तो नुसता बंद अवस्थेत त्याच्या हातात दिला, मग चालू करून तळहातावर, मग गालावर. सगळ्या कृतीचे बारीक टप्पे पाडले आणि उलटीकडून सुरुवात केली : सगळं मी करायचं, शेवटी शेव्हर बंद करून खणात ठेवणं तेवढं त्याचं. ते जमलं की त्याच्या अलीकडचा टप्पाही त्याचा. प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पुरं होतं, हा या पद्धतीचा मोठा फायदा. बाबा 'आता डावीकडे, आता वर' असं सतत बोलायचे. ते आम्ही बंद केलं आणि आरशाशेजारी चित्रांची पट्टी लावली. तोंडी सूचनेची सवय लागली की ती सोडवताना नाकी नऊ येतात. चित्र कसं, गुपचूप भिंतीवर राहतं.

व्हिडिओ काढायला मी फोन बेसिनच्या कडेला टेकवला. भावाने तो उचलला, पालथा ठेवला आणि दाढी पुढे सुरू केली. नंतर मी त्याला कॅमेऱ्याचं चित्र दाखवून विचारलं, त्याने 'नको'चं कार्ड माझ्या हातात दिलं. काही दिवसांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच कार्ड. याहून स्पष्ट उत्तर बोलणारी माणसंही देत नाहीत.

मी तसं कार्यालयाला कळवलं. उत्तर आलं : संमतीच्या रकान्यात पालकाची सही पुरेशी आहे. मी फोन केला, म्हटलं, अहो, तो प्रौढ आहे, उघड्या अंगाने बेसिनपाशी उभा असतो आणि नको म्हणतोय. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "सगळेच पाठवतात हो, मॅडम." मग व्हिडिओ बाजूला ठेवून मी तक्ता भरायला घेतला. 'मूल खेळणे पालकाकडे देते का?' 'मूल आपली पाळी येईपर्यंत थांबते का?' 'खेळात हसते का?' 'लागू नाही' असा पर्यायच नव्हता. रकाना मोकळा सोडला की तक्ता 'अपूर्ण' म्हणून परत, 'नाही' भरलं तर गुण शून्य. मी समासात दाढीचे टप्पे लिहून पाठवले, तेही परत आले. शेवटी त्या बाईंनी समजुतीच्या सुरात उपाय सुचवला : "मग पाच मिनिटं ठोकळे घेऊन बसा ना त्याच्यासोबत!"

ज्या माणसाला मी आपली दाढी आपण करायला शिकवतेय, त्याला कागदासाठी ठोकळ्यांपुढे बसवायचं! मी फोन ठेवला आणि बराच वेळ घरात सगळ्यांवर खेकसत होते.

जागतिक आरोग्य संघटनेचाही काळजीवाहकांसाठी कार्यक्रम आहे, नऊ गटसत्रं आणि तीन गृहभेटींचा. पण तो 2 ते 9 वर्षांच्या मुलांसाठी आहे हे त्यांनी स्वच्छ सांगितलंय, त्यामुळे तिथे फसगत होत नाही. लहान वयावर भर का, हेही मला कळतं. पण मुलं मोठी होतात. 1943 साली लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी ऑटिझमवरच्या आपल्या गाजलेल्या लेखात ज्या अकरा मुलांबद्दल लिहिलं, त्यांतला पहिला, डोनाल्ड ट्रिपलेट, पुढे बँकेत नोकरीला होता, गोल्फ खेळायचा आणि 2023 मध्ये 89व्या वर्षी गेला. एवढं आयुष्य त्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसवायचं?

अखेर मी पत्र लिहिलं. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारातलं कलम 12 म्हणजे कायद्यापुढे समान मान्यता आणि कलम 22 म्हणजे खाजगीपणाचा आदर, दोन्ही त्यात घातली. पर्यायही मीच दिला : प्रशिक्षकाने समक्ष येऊन बघावं. पत्राचं उत्तर आजतागायत नाही. पण मी त्याची प्रत आमच्या प्रशिक्षक मॅडमनाही पाठवली होती आणि त्यांचाच फोन आला, "मी येते."

त्यांनी आल्याआल्या माझ्याशी न बोलता आधी भावाला चित्र दाखवून विचारलं. त्याने त्यांचं कार्ड घेतलं, न्याहाळलं, परत दिलं आणि दार उघडंच ठेवून आत गेला. त्या दाराबाहेर उभं राहून बघत होत्या. हनुवटीखाली तो अडखळला तेव्हा मी पुढे झाले, तर त्यांनी हातानेच मला थांबवलं. तेवढ्यात त्याने पट्टीवरच्या चित्राकडे पाहिलं, मान वर केली आणि शेव्हर फिरवला. मॅडमनी तक्त्यातल्या 'खेळ'वर रेघ मारून 'दाढी' लिहिलं आणि खाली सही ठोकली. मला इतका अभिमान वाटला की चहा विचारायचंही राहून गेलं.

प्रमाणपत्र आलं, त्यावर 'पाल्य' कायम आहे.

तुम्हाला मोठ्या वयाच्या माणसासाठी असं प्रशिक्षण घ्यायचं असेल तर पैसे भरण्याआधी प्रात्यक्षिकाचा कोरा तक्ता मागून घ्या. माहितीपत्रक वाचून काही कळत नाही, तक्ता बघितला की सगळं कळतं. संमती कोण देणार आणि ती व्यक्ती नको म्हणाली तर काय, हे लेखी विचारा. शेव्हर पूर्ण चार्ज करून ठेवा, कारण बॅटरी उतरली की त्याचा आवाज बदलतो आणि आमच्याकडे मग त्या दिवशी दाढी होत नाही. आणि शक्य झालं तर घरातले दोघे मिळून प्रशिक्षण घ्या. मी एकटीच गेले, त्यामुळे दहा आकडे मोजायचं बाबांना अजून पटलेलं नाही. ते तीनपर्यंत पोचतात आणि म्हणतात, "अरे, डावीकडे!"