जोडीनं सोडायची गोष्ट

दुपारी जरा डोळा लागत होता तोच वरच्या गॅलरीतून लायटरचा आवाज आला. खट्. थोड्या वेळानं पुन्हा खट्. गेला आठवडाभर एकच खट् ऐकू येत होता, वरच्या बाईंचा. त्यांच्या नवऱ्यानं सिगारेट सोडली होती, जिन्यात भेटेल त्याला सांगत होता. आज दोन खट्, म्हणजे त्याचं सोडणं संपलं म्हणायचं.

तलफ येते ती मोजून काही मिनिटांची, तेवढी निभावली की ओसरते म्हणतात. खरंही आहे. पण नेमकी तीच मिनिटं बायको शेजारी बसून झुरके घेत असेल तर निभावणार कशी? इच्छाशक्तीवर प्रवचन देणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो, तो याचसाठी.

आमच्या आईनं उभ्या जन्मात सिगारेटला हात लावला नाही. बाबांचा शर्ट बादलीत टाकण्याआधी ती कॉलर नाकाशी न्यायची, मग दोन बोटांच्या चिमटीत धरून लांबूनच सोडायची. बोलायची नाही. खिडकी मात्र अशी उघडायची की तावदानं थरथरायची. बाबा अर्धी सिगारेट विझवून पाकिटात परत ठेवायचे आणि अंगणात जाऊन तीच पुन्हा पेटवायचे. घरात न ओढणारं माणूस असलं की ओढणारा सुधारतो, असं मी बराच काळ धरून चालले होते. आमच्या घरात तो फक्त अंगणात गेला.

इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या जोडप्यांचा एक अभ्यास झाला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला. सिगारेट ओढणाऱ्या बायकांपैकी ज्यांच्या नवऱ्यानंही त्याच सुमारास सोडली, त्यांच्यातल्या ५० टक्के सुटल्या. नवरा ओढतच राहिला तिथे ८ टक्के. आणि नवरा मुळातच न ओढणारा, तिथे? १७. सोवळ्या जोडीदारापेक्षा बरोबरीनं सोडणारा कितीतरी जास्त कामाचा! पुरुषांचंही साधारण असंच.

आता माझी पंचाईत बघा. नवरा ओढतो, मी नाही. सोबत करायची म्हटलं तरी माझ्याकडे सोडायला आहे काय? हे आकडे त्याला वाचून दाखवले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सिगारेटच पाहिजे असं कुठाय? मी ही सोडतो, तू रात्रीचा मोबाइल सोड. आजपासून.”

आजपासून म्हणजे जरा घाईच होते.