उपटल्यावर कळतं

मुळांचे प्रकार शिकायचे तर सरळ तण उपटायला बसावं. गवताचा झुपका मुठीत धरून ओढला की तो मातीचं ढेकूळ घेऊनच वर येतो. मूळ कुठं संपतं आणि माती कुठं सुरू होते, सांगता येत नाही. शेजारचं रुंद पानांचं रोप मात्र हिसका बसताच टचकन तुटतं. पानं हातात येतात, जाडजूड मूळ आत तसंच राहतं, आणि थोड्या दिवसांत त्याला पुन्हा पालवी फुटलेली असते. पहिलं तंतुमूळ, दुसरं सोटमूळ. शाळेतला धडा साधारण इथंच संपतो.

मुळांची खरी गंमत त्याच्यापुढे आहे. बी रुजताना सुरुवात बहुतेकांची सारखीच असते. आधी आदिमूळ बाहेर पडून खाली वळतं, मग कोंब वर येतो. द्विदल रोपात हेच आदिमूळ जाड होत सोटमूळ बनतं, त्याला उपमुळं फुटतात. गहू, मका, गवत या एकदलांत आदिमुळाची कारकीर्द लवकर आटोपते आणि खोडाच्या बुडातून नव्या मुळांचा झुबका निघतो. म्हणजे दिसण्यापेक्षा जन्म कुठून झाला, हा फरक मोठा. रूपावर गेलं की फसगत ठरलेली. गाजर आणि मुळा ही अन्न साठवून फुगलेली सोटमुळं. रताळंही फुगलेलं मूळच, पण ते खोडातून निघालेलं. आणि त्याच्या शेजारी शोभणारा बटाटा तर मूळच नव्हे, ते जमिनीखालचं खोड. त्याचे डोळे म्हणजे कळ्या.

तंतुमुळांना किरकोळ समजणाऱ्यांसाठी एक हिशेब आहे. 1937 साली अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ हॉवर्ड डिटमर यांनी राय या धान्याचं चार महिन्यांचं एक रोप घेतलं. ते वाढलं होतं फूटभर लांबी-रुंदीच्या आणि दोन फुटांहून कमी खोलीच्या खोक्यात. मुळं धुऊन, नमुने मोजून त्यांनी गणित मांडलं. एका रोपाची मुळं सुमारे 1 कोटी 38 लाख, एकापुढे एक जोडली तर लांबी 623 किलोमीटरच्या आसपास. वर मूलरोम, म्हणजे मुळांवरचे ते डोळ्यांना जेमतेम दिसणारे केस, सुमारे 1400 कोटी. त्यांची लांबी दहा हजार किलोमीटरच्या वर. रोपापेक्षा मोजणाऱ्याच्या चिकाटीचंच मला जास्त नवल वाटतं. पण गवत मातीचं ढेकूळ का सोडत नाही, याचं उत्तर या आकड्यांत आहे. पाणी शोषण्याचं बरंचसं काम हे केसच करतात, आणि ते मातीच्या कणाकणाला बिलगलेले असतात.

झाड जितकं उंच तितकीच मुळं खोल, असं चित्र अनेकांच्या डोक्यात असतं. दिसायला छान, पण चूक. मुळांना प्राणवायू लागतो आणि खोल मातीत तो कमी असतो, म्हणून मोठ्या वृक्षांचीही बहुतेक मुळं वरच्या मीटरभर थरात पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही पुष्कळ पलीकडे. पुष्कळ झाडांचं लहानपणीचं सोटमूळ पुढे मागेच पडतं. अपवाद आहेतच. आफ्रिकेतल्या कलाहारीत विंधनविहीर खोदताना बॉशिया नावाच्या झाडाची मुळं 68 मीटर खोलवर सापडली होती. पाणीच तिथं, तर करणार काय!

खाली जाणं हाही मुळांचा नियम म्हणावा तर अडचण आहे. मुळाच्या टोकावर मूलटोपी असते. तिच्या पेशींतले पिठूळ कण जड असल्यामुळे तळाशी बसतात, त्यावरून मुळाला खालची दिशा कळते. या इवल्या टोकाच्या करामतीचं डार्विनलाही इतकं अप्रूप होतं की 1880 साली त्यानं त्याची तुलना क्षुद्र प्राण्याच्या मेंदूशी केली. पण खाडीतल्या तिवराची श्वसनमुळं चिखलातून सरळ वर येतात, कारण त्या चिखलात हवाच नसते. वडाच्या पारंब्या फांदीतून निघून जमीन शोधत येतात आणि रुजल्या की खांब होतात. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड बुरशीनं किडलं, ते 1925 साली काढून टाकावं लागलं. वड अजून उभा आहे, पारंब्यांवर.

अमरवेलीनं तर कमालच केली. तिचं बी जमिनीत रुजतं, छोटंसं मूळही फुटतं, पण दुसऱ्या झाडाला विळखा बसून रस मिळू लागला की ते मरून जातं. उलट काही आमरींना, म्हणजे ऑर्किडना, पानंच नसतात. त्यांची चपटी, हिरवी मुळं झाडाच्या सालीला चिकटून असतात आणि सूर्यप्रकाशात अन्न बनवण्याचं कामही तीच उरकतात.