ग्लॉकच घ्यावं का? तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, ग्लॉकच घेऊ का? की ते स्मिथ अँड वेसनचं एसडी९ चालेल? दोनशे डॉलर वाचतात."

मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत, मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये, एकदा तर एका डोहाळजेवणात मला हे विचारलं गेलं. मी शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर नवशिक्यांना शिकवते हे अटलांटाच्या आसपासच्या आपल्या लोकांना ठाऊक आहे. विचारणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले, नुकतं घर घेतलेले, आयुष्यात पहिल्यांदाच पिस्तूल हातात घेणारे. उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही आणि अर्धवट दिलं तर त्रास होतो, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

त्याआधी एक. तुम्ही एच-१बी, एच-४ किंवा एफ-१ व्हिसावर असाल तर हा प्रश्न अजून तुमचा नाही. केंद्रीय कायद्यानुसार अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या नुसत्या जवळ बाळगणंही गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण मित्राने सांगितलं म्हणून त्यांच्यावर विसंबू नका, वकिलाला विचारा. इथे एक चूक झाली की ग्रीन कार्डाची दहा वर्षांची वाट पाण्यात जाते. ग्रीन कार्ड हातात आल्यावर, वय २१ पूर्ण असेल तर दुकानात फॉर्म ४४७३ भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी होते आणि मग पिस्तूल मिळतं. न्यू जर्सीत त्याआधी पोलिसांकडून वेगळा परवाना लागतो, इलिनॉयमध्ये बंदूकधारकाचं ओळखपत्र. राज्याचा कायदा वाचल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका.

आता पिस्तुलांकडे येऊ.

मी नेमबाजी शिकले सांगलीत, एनसीसीत. पॉइंट टू टू रायफल, जमिनीवर सतरंजी, आणि उस्तादांचा एकच धोशा: फोरसाइट टिप (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) पाहा, श्वास रोखा, ट्रिगर "दबाओ, खींचो मत". पिस्तूल पहिल्यांदा हातात आलं ते इथे, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. त्या पहिल्या दुकानात काउंटरमागच्या माणसाने मी बाई म्हणून पुढ्यात एक इवलंसं, गुलाबी मुठीचं पिस्तूल ठेवलं आणि "हे तुमच्यासाठी" म्हणाला. मी त्यावर विश्वास ठेवला. पिस्तूल जितकं हलकं आणि छोटं, तितका त्याचा झटका हाताला जास्त बसतो, हे त्याने सांगितलं नाही. तीन महिने मी प्रत्येक गोळीला डोळे मिटत होते. ती सवय मोडायला वर्ष गेलं. कुणी प्रश्न विचारला की मी चार मिनिटं जास्त बोलते, ते त्यामुळे.

ग्लॉकची गोष्ट थोडक्यात सांगायलाच हवी, कारण नावाचे पैसे लोक का मोजतात ते त्यातून कळतं. गास्टोन ग्लॉक हा ऑस्ट्रियाचा कारखानदार. पडद्यांच्या दांड्या आणि सैन्यासाठी सुऱ्या करणारा. पिस्तूल त्याने कधी बनवलेलं नव्हतं. ऑस्ट्रियन सैन्याला नवं पिस्तूल हवं होतं, त्याने पॉलिमरच्या, म्हणजे मजबूत प्लास्टिकच्या, सांगाड्याचं ग्लॉक १७ पुढे ठेवलं आणि १९८२ मध्ये सैन्याने ते स्वीकारलं. पॉलिमर वापरणारा तो पहिला नव्हता, जर्मनीच्या हेकलर अँड कॉखचं व्हीपी७० त्याआधी १९७० मध्ये आलं होतं. पण सैन्यात आणि पोलिसांत जम बसला तो ग्लॉकचा. तेव्हा अमेरिकेत आरडाओरडा झाला होता की प्लास्टिकचं पिस्तूल विमानतळाच्या यंत्राला दिसणार नाही. प्रत्यक्षात स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग), नळी, स्प्रिंग सगळं पोलादाचं. यंत्राला ते स्वच्छ दिसतं. १९८८ मध्ये ग्लॉक १९ आलं, १७ पेक्षा थोडं आखूड, मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत, १५ गोळ्या. तुम्ही विचारता ते हेच. त्यांचा अमेरिकेतला कारखाना आमच्या इथून जवळ, स्मर्ना गावात आहे.

दुसऱ्या बाजूला स्मिथ अँड वेसन, १८५२ पासूनची अमेरिकन कंपनी, रिव्हॉल्व्हरसाठी प्रसिद्ध. ग्लॉकने पोलिसांचा बाजार खाल्ला तेव्हा तिने १९९४ मध्ये 'सिग्मा' नावाचं पॉलिमरचं पिस्तूल काढलं. ते ग्लॉकशी इतकं मिळतंजुळतं होतं की ग्लॉकने पेटंटचा दावा ठोकला. १९९७ मध्ये तडजोड झाली. स्मिथ अँड वेसनने पैसे दिले आणि रचनेत बदल केले. एसडी९व्हीई हे त्या सिग्माच्याच वंशातलं. म्हणजे तुम्ही ज्या दोघांची तुलना करता ती एका अर्थी चुलत भावंडं आहेत, आणि त्यांच्यात एकदा कोर्टकचेरीही झालेली आहे. आता कंपनीने एसडी९ २.० ही सुधारित आवृत्ती आणली आहे, पण लोकांच्या घरात आणि जुन्या मालाच्या कपाटात अजून एसडी९व्हीईच जास्त दिसतं.

दोन्ही शेजारी ठेवा. दोघांची नळी साधारण चार इंच. रिकामं वजन दोघांचं सहाशे-साडेसहाशे ग्रॅम. दोन्ही ९ मिलिमीटर. एसडीच्या मॅगझिनमध्ये एक गोळी जास्त, १६. (न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात असाल तर दोघांनाही दहाचीच मर्यादा.) एसडीची मूठ मला तर जास्त आवडते, तळहातात गोल बसते, ग्लॉकच्या मुठीचा मागचा उंचवटा काही हातांना टोचतो आणि पिस्तूल नेमापेक्षा किंचित वर बघतं. ग्लॉकबरोबर येणाऱ्या साइट, म्हणजे नेम धरायच्या खुणा, प्लास्टिकच्या आहेत, त्या मला कधीच आवडल्या नाहीत. सात यार्डांवरच्या कागदाला दोन्ही नळ्या तितक्याच सरळ. यांत्रिक अचूकतेत नवशिक्याला फरक कळणारच नाही.

फरक आहे तो ट्रिगरमध्ये, आणि तो मोठा आहे.

ग्लॉकचा ट्रिगर साधारण अडीच किलोला सुटतो. थोडी मोकळी चाल, मग एक भिंत लागते, ती दाबली की गोळी सुटते. एसडी९व्हीईचा साडेतीन किलोच्या आसपास. शिवाय चाल लांब आणि किरकिरी, कुठे सुटेल याचा अंदाज बोटाला लवकर येत नाही. आकडे ऐकून काही वाटत नाही. पण अख्खं पिस्तूल सहाशे ग्रॅमचं आहे आणि तुम्ही त्याच्या एका भागावर साडेतीन किलो जोर लावताय. तो जोर सरळ मागे गेला नाही तर पिस्तूल हलणारच.

गेल्या वर्षी एक मुलगा आला होता, पुण्याचा, नवं कोरं एसडी९व्हीई घेऊन. पहिल्या दहा गोळ्यांतल्या आठ वर्तुळाच्या खाली डावीकडे, घड्याळात सात वाजतात तिथे, पंजाएवढ्या पसरलेल्या. त्याचा चेहरा उतरला. "ताई, स्वस्तातलं घेतलं म्हणून." मी त्याच्या हातात रेंजचं ग्लॉक १९ दिलं. गोळ्या वर सरकल्या, पण अजून डावीकडेच. मग त्याचं एसडी घेऊन मी पाच झाडल्या. पाचही मधल्या वर्तुळात. माझं कौतुक सांगायला हे लिहीत नाही. पिस्तुलात खोट नव्हती, उजव्या हाताची सगळी बोटं ट्रिगरबरोबर आवळली जात होती, आणि जड ट्रिगरने ती चूक दुपटीने दाखवली.

त्याला मी माझ्या पिशवीतलं जुनं एक रुपयाचं नाणं दिलं. घरी गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवायच्या, मॅगझिन काढायचं, चेंबर (नळीच्या मागची, गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघायचा आणि बोटानेही चाचपायचा. मग भक्कम भिंतीकडे तोंड करून, फोरसाइटच्या मागे स्लाइडवर नाणं ठेवायचं आणि ते न पाडता ट्रिगर दाबायचा. या दोन्ही पिस्तुलांत प्रत्येक वेळी स्लाइड ओढावी लागते, म्हणजे नाणं दर खेपेला पुन्हा ठेवावं लागतं. त्याची बायको शेजारी उभी राहून ते ठेवायची. रोज वीस वेळा. पहिल्या आठवड्यात नाणं दर खेपेला खणकन फरशीवर. पाच आठवड्यांनी तो परत आला तेव्हा त्याच पिस्तुलाचा पंजाएवढा पसारा लाडवाएवढा झाला होता. नंतर ग्लॉक दिलं तर त्याला ते खेळण्यासारखं वाटलं.

म्हणून एसडी९ला कुणी "भंगार" म्हटलं की मला राग येतो.

पण उलटही खरं आहे. एक साठीच्या मावशी आल्या, बोटांत संधिवात. लेकाने स्वस्तातलं म्हणून एसडी९व्हीई घेऊन दिलेलं. मावशींना ट्रिगर एका बोटाने शेवटपर्यंत ओढताच येत नव्हता. दुसरं बोट मदतीला यायचं आणि नळीचं तोंड भरकटायचं. तिथे सरावाचा उपदेश करून उपयोग नाही. ते पिस्तूल त्यांच्यासाठी चुकीचंच होतं. बाजारात हलक्या स्प्रिंगा मिळतात, मुलाला त्या बसवायच्या होत्या. मी नको म्हटलं. घराच्या रक्षणासाठी ठेवलेल्या पिस्तुलात व्हिडिओ बघून स्प्रिंग बदलायची नाही. घोळ झाला तर गोळी सुटायला हवी तेव्हा सुटत नाही, किंवा नको तेव्हा सुटते.

आता ते दोनशे डॉलर. एसडी तीनशे-साडेतीनशेला मिळतं, ग्लॉक १९ पाचशे-साडेपाचशेला. ९ मिलिमीटरची साधी गोळी पंचवीस-तीस सेंट. म्हणजे फरकाच्या पैशात साडेसहाशे ते आठशे गोळ्या. किंवा बटणांच्या आकड्यांवर उघडणारी भक्कम पोलादी पेटी, आणि वर एका दिवसाचा वर्ग. मला कुणी विचारलं की मी आधी विचारते, एकूण किती काढून ठेवलेत? उत्तर "सहाशे" असेल आणि घरात मूल असेल, तर मी एसडीच घ्यायला सांगते, कारण साडेपाचशेचं ग्लॉक घेऊन पेटी "पुढच्या महिन्यात" म्हणणारी घरं मी पाहिली आहेत. पिस्तूल कपड्यांच्या कपाटात, वरच्या फळीवर, साड्यांच्या गठ्ठ्याखाली. सहा वर्षांच्या मुलाला खुर्ची ओढून तिथे पोचायला वेळ लागत नाही. याच मुलांच्या वाढदिवसाला मी गेलेली असते.

हजार डॉलर असतील आणि महिन्यातून दोनदा रेंजवर यायची खरोखर इच्छा असेल, तर ग्लॉक घ्या. त्याचं मॅगझिन, होल्स्टर (पिस्तूल अडकवायचं म्यान), सुटा भाग कुठल्याही गावात मिळतो, विकायला काढलं तर पैसेही चांगले येतात. आणि शिकताना हलका, ठाम ट्रिगर बोटाला लवकर कळतो.

एक गोष्ट दोघांना सारखीच लागू आहे आणि तिच्यासाठी मी वर्गात अर्धा तास घालवते. साफसफाईसाठी ही दोन्ही पिस्तुलं उघडायची तर आधी ट्रिगर दाबावा लागतो. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही, एक गोळी चेंबरमध्ये उरलेली असू शकते. आमच्या ओळखीतल्या एका घरात जेवणाच्या टेबलावर असंच झालं. गोळी टेबलातून, खालच्या गालिच्यातून तळघरात गेली. तळघरात तेव्हा कुणी नव्हतं. तो माणूस पंधरा वर्षं बंदूक वापरत होता. म्हणून क्रम ठरलेला: मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे ओढून अडकवायची, चेंबर बघायचा, बोट घालून चाचपायचा, नजर दुसरीकडे फिरवून परत बघायचा, मग ट्रिगर.

तेव्हा घ्यायच्या आधी शनिवारी या. बहुतेक रेंजवर दोन्ही पिस्तुलं भाड्याने मिळतात. कानांना आवरण, डोळ्यांना चष्मा, पुढे गळाबंद कपडे, कारण गोळी सुटल्यावर बाहेर उडणारं तापलेलं टरफल गळ्यातून आत गेलं की माणूस पिस्तूल हातात असताना उड्या मारतो. दहा गोळ्या एकातून, दहा दुसऱ्यातून, दोन वेगळ्या कागदांवर. कागदांवर नाव आणि तारीख लिहा. मग दुकानात जाऊ, मी बरोबर येईन.